तपासणीबाईचा घेवडा

तपासणीबाई म्हणजे तपासणीबाईच. पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तिने पितळी बुश, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या कड्या, तपासल्या. टेबलावर आलेला नग उचलायचा, मापायचा, पास झाला तर उजवीकडे, नापास झाला तर डावीकडे ठेवायचा. "असेल बरोबर" हे शब्द तिच्या तोंडून कधी कुणी ऐकले नाहीत. निवृत्त होऊन दोन महिने झाले तरी ती ताटातली पोळीसुद्धा उलटीपालटी करून बघायची, आणि नवरा म्हणायचा, "अगं, पास कर आता, भूक लागलीय."

अशा बाईच्या हातात सासूबाईंनी अकरा बिया ठेवल्या, आणि तिथेच घोळ झाला.

बिया घेवड्याच्या, जांभळ्या ठिपक्यांच्या. सासूबाई चाळीस वर्षं त्या लावत आणि दरवेळी पुढचं बी राखून ठेवत. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, लावायचं राहून गेलं, आणि डबा उघडून बघतात तर काय, भुंग्यांनी सगळं पोखरलेलं! धडधाकट निघाल्या त्या एवढ्याच. "या गेल्या की संपलं," त्या म्हणाल्या. "हे बी दुकानात मिळत नाही. बोटभर खोल लाव, पाणी बेताने घाल, आणि उकरून बघू नकोस."

लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत या बाईंनी सुनेला स्वतःच्या कपाटाची किल्लीसुद्धा दिली नव्हती. सुनेला भरून आलं. तिने मान डोलावली आणि गॅलरीतल्या कुंडीत बिया लावल्या.

मान डोलवायला काय जातंय! चौथ्या दिवशीच तिचे हात शिवशिवायला लागले. आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि न बघितलेली वस्तू ठीक आहे असं मानायचं तरी कसं? सासूबाई आंघोळीला गेल्या की ती गॅलरीत जायची, चिमट्याने माती बाजूला करायची, बी उचलायची, निरखायची, परत पुरायची. एका बीला पांढरं टोक दिसलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने ते मापलं आणि वहीत लिहून ठेवलं. मग रोजच. अकराच्या अकरा बिया.

"कोंब आला का गं?" सासूबाई विचारायच्या.

"येईल, आई." ताकास तूर लागू दिली नाही.

सातव्या दिवशी एक मूळ चिमट्यातच तुटलं. खरं तर तिथेच थांबायचं. पण एक बिघडलं म्हणजे बाकीची तर तपासायलाच हवीत, नाही का? नवव्या दिवसापर्यंत दहा गेल्या. काही तुटल्या, काही काळ्या पडून मऊ झाल्या. अकरावी तर सापडेचना. उकरता उकरता कुठेतरी खोल गेली असावी. ती कुंडीवर वाकून माती चिवडत होती, इतक्यात मागे काठी वाजली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. कागदावर दहा बिया ओळीने ठेवलेल्या. डावीकडे.

"काय केलंस हे?"

"मी बघत होते, आई."

"काय बघत होतीस?"

"नीट चाललंय का ते."

सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या वळल्या आणि आत गेल्या. दोन दिवस सुनेशी अवाक्षर बोलल्या नाहीत. जेवताना मुलाला म्हणायच्या, "तिला सांग, मीठ कमी आहे." ती बिचारी ऐकायची आणि मान खाली घालून मीठ पुढे करायची. चाळीस वर्षांचं बी आपण नऊ दिवसांत मातीत घातलं, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पाणी घालण्यापलीकडे कुंडीला तिने बोट लावलं नाही.

बाराव्या दिवशी दुपारी मातीला भेग पडली. कोपऱ्यात, जिथे शोधायचं तिला सुचलंच नव्हतं तिथून, वाकडी मान करून एक कोंब वर आला होता. पण बीचं साल डोक्यावर घट्ट बसलेलं. आतली पानं उघडणार कशी? गुदमरेल की ते! नुसतं टोक धरून ओढलं तर... तिला कळत होतं, ओढलं तर मुंडकंच हातात येईल. कळत होतं, तरी चिमटा हातात आलाच.

"आई!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "आधी इकडे या! माझा हात धरा!"

काठी टेकत सासूबाई आल्या. त्यांनी कोंब पाहिला, चिमटा पाहिला. स्टुलावर बसल्या आणि सुनेचं मनगट घट्ट पकडलं.

"आपोआप सुटतं ते," त्या म्हणाल्या.

"आणि नाही सुटलं तर?"

"तर नाही सुटलं."

ऊन कुंडीवरून भिंतीवर गेलं. सालाची एक कड जराशी उचलली होती, की तसा भास होत होता, कोण जाणे.

"हात भरून आला गं माझा. सोडू का?"

"नका सोडू, आई."