शाहेदा आपांची रंगीत तालीम

शाहेदा आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, प्रयोगशाळेत होते. आई एवढेच म्हणाली, "आपा गेल्या गं… सकाळी चहा घेता घेता." मी संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत खुलताबादला, त्यांच्या गावी, दफनविधी उरकलाही होता. त्याला आता पाच आठवडे झाले. इतके दिवस मी त्यांच्याविषयी नेमके काय सांगता येईल याचा विचार करते आहे. कारण मोघम स्तुती त्यांना अजिबात खपत नसे.

आपा उर्दू प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्या वकील नव्हत्या, अधिकारी नव्हत्या. आमच्याच शहरातल्या, शहागंजजवळच्या त्यांच्या घराच्या बाहेरच्या खोलीत दर रविवारी अपंग मुलांचे पालक जमत. कुणाला शाळा प्रवेश देत नसे, कुणाच्या मुलाला वर्गात घेऊनही वर्षभर मागच्या बाकावर नुसते बसवून ठेवले जाई. आपा कुणासाठीही स्वतः भांडायला जात नसत. त्या पालकांकडून तालीम करून घेत. स्वतः मुख्याध्यापक होत आणि समोरच्याला बोलायला लावत.

आम्ही त्यांच्याकडे गेलो ते माझ्या धाकट्या बहिणीसाठी. सायलीला सेरेब्रल पाल्सी आहे. बुद्धी तल्लख, पण बोलणे संथ आणि हात लवकर थकणारा. दहावीला तिला लेखनिक हवा होता आणि तसा प्रस्ताव शाळेने बोर्डाकडे पाठवायचा होता. मुख्याध्यापकांना शाळेच्या शंभर टक्के निकालाची काळजी. त्यांनी सुचवले, नाव काढून घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. कायद्याची कलमे घालून तीन पानी अर्ज लिहिला आणि आईच्या हाती दिला. सरांनी पहिल्याच कलमावर बोट ठेवून विचारले, "याचा अर्थ काय, ताई?" आईला सांगता आले नाही. अर्ज परत आला.

आपांनी तो अर्ज शांतपणे, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "मस्त लिहिलाय. पण बोलायचं आईला हाय, कागदाला नाय." मग त्यांनी खुर्ची शिलाई मशीनमागे ओढली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि आवाजच बदलला. "बोला बाई, लवकर बोला. मला मीटिंग हाय."

आईला हसू आले.

"हसताय काय? निकाल पडला तर तुमी भरून देणार का? आणि खरं सांगा, तुमाला तरी वाटतंय का, ही पास होईल?"

आईचे हसू मावळले. तिच्या डोळ्यांत पाणी आले… तो प्रश्न तिला सरांनी कधीच विचारला नव्हता; बहुधा ती स्वतःलाच रोज विचारत असावी. मी घाईने उत्तर द्यायला लागले, तशा आपा खोट्या रागाने गरजल्या, "ए सायंटिस्ट! तुला कौन पूछा? अंदर जा, चहा ठेव."

चार रविवार हे चालले. तिसऱ्या खेपेला आपांनी सायलीची उत्तरपत्रिका मागवली आणि आईला म्हणाल्या, "कायदा राहू दे. तुमी काय बघितलं ते सांगा." आई पाने उलटू लागली. "ही पहिली तीन उत्तरं, पैकीच्या पैकी. चौथ्यापासून अक्षर बघा कसं तुटतंय. सहाव्याला कागद कोरा. पण तोंडी विचारा, सगळं सांगते ती." मी विज्ञानाची विद्यार्थिनी, अर्जात सगळे घातले होते, फक्त पुरावा घातला नव्हता.

शाळेत आपा आमच्यासोबत आल्या, पण व्हरांड्यातल्या बाकावरच बसून राहिल्या. "मी आत आले तर सर माझ्याशी बोलतील. बोलणं तुमच्याशी व्हायला पायजे." आई वीस मिनिटांनी बाहेर आली. प्रस्ताव बोर्डाकडे गेला. त्या परीक्षेत सायलीने आयुष्यात पहिल्यांदा शेवटचा प्रश्न सोडवला.

सगळ्यांचे असे झाले नाही, हेही लिहायला हवे. काही मुले आजही घरीच आहेत आणि त्यांची नावे आपांना पाठ होती. त्यांचा स्वतःचा भाऊ ऐकू न येणारा. चौथीतून त्याला घरी पाठवले तेव्हा आपा शाळेच्या दारात उभ्या होत्या. "बारा वर्षांची होते मी. बोलता येत होतं मला, तरी बोलले नाय…" एवढे एकदाच म्हणाल्या. पुढे मी पालकांसाठी प्रश्नोत्तरांची पुस्तिका काढायचे ठरवले, तेव्हा आमचे चांगलेच वाजले. "प्रश्न छाप," त्या म्हणाल्या, "उत्तरं नक्को छापू." मला ते हटवादी वाटले होते. आता वाटत नाही.

गेल्या रविवारी त्यांच्या भाचीने खोली उघडली. सोयगावहून एसटीने एक बाई लेकीचे कागद घेऊन आल्या होत्या. आपा गेल्याचे त्यांना ठाऊक नव्हते. कळल्यावर त्या परत जायलाच निघाल्या. मशीनमागच्या खुर्चीवर बसायला कुणी धजेना. मी त्या बाईंना कागदपत्रे समजावून सांगू लागले, तेवढ्यात सायली भिंतीला धरत गेली आणि त्या खुर्चीवर बसली.

"बो…ला बाई. शि…कून… काय… करणार… ती?"

वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागला. सगळे थांबले. बाईंनी आधी माझ्याकडे पाहिले, मग आईकडे. आम्ही दोघींनी सायलीकडे बोट दाखवले. मग त्यांनी पदर सावरला.

"काय करंल ते तिचं ती ठरवंल, मॅडम. तुमी आधी अर्ज घ्या."

सायलीने मान हलवली. "पर…त," ती म्हणाली. "थोडं… मोठ्यानं."