बाबांना ऐकू येईल अशी बेस गिटार

आमच्या घरात आवडलेल्या वस्तूची आधी निंदा करायची पद्धत होती. दुकानात एखादी साडी मनात भरली की आई ती बाजूला सारायची आणि भलत्याच साडीचा पदर चिवडत बसायची. आंबे गोड निघाले की बाबा आंबेवाल्याला म्हणायचे, "यंदा काही खरं नाही हो तुमच्या मालाचं." आंबेवालाही पुण्यातलाच, तो म्हणायचा, "मग खाऊ नका." अशी दोन्ही बाजूंनी तोंडं वाकडी करकरून शेवटी पेटी घरी यायची. खरेदीला निघताना बाबांचा एकच उपदेश असे: चेहरा घरी ठेवून चला. या उपदेशापायी माझं एकदा वाटोळंच व्हायचं राहिलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नारायण पेठेत राहायचो, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत होते. आता हे शिकले कशी, तर ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या मुली पैशाला पासरी होत्या आणि बेस धरायला कुणी तयार नव्हतं. मी म्हटलं, द्या इकडे. चार जाडजूड तारा, नेहमीच्या गिटारीपेक्षा लांब मान, आणि आवाज सगळा खालच्या सुरातला. पहिल्यांदा तार छेडली तेव्हा तो आवाज पोटातून वर आला आणि मी तिथेच खुळ्यासारखी हसत सुटले. तेव्हापासून मी तिची झाले, अगदी कामातून गेले म्हणा ना.

गणपतीत आमच्या पेठेतल्या मंडळापुढे कार्यक्रम झाला. बाबा पुढच्या रांगेत बसून सगळा कार्यक्रम ऐकून घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "गाणारा बरा आहे. ढोलकीवाला उत्तम. तू काय करत होतीस?"

"बेस वाजवत होते ना, बाबा!"

"हो, ते दिसलं. ऐकू काही आलं नाही."

बाबांचे कान अधू असते तर मी सोडून दिलं असतं. पण हा माणूस सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि बाकी सगळा वेळ गाण्याचा दर्दी. समोरच्या इमारतीत कुणी तंबोरा लावत असेल तर आमच्या खिडकीतून ओरडून सांगायचे, "अहो, पंचम उतरलाय!" अशा माणसाला मी ऐकू येत नव्हते. मी तोंड धुवायच्या निमित्ताने मोरीत गेले आणि नळ सोडून मनसोक्त रडले.

त्यात दिवाळीनंतर ऑर्केस्ट्राच्या मालकांनी फर्मान काढलं की यापुढे ज्याने त्याने आपापलं वाद्य आणायचं. मी धीर करून बाबांपुढे विषय काढला. ते म्हणाले, "घेऊन देतो. जुनी मिळते का बघ. पण मला ऐकू आली पाहिजे. ऐकू न येणारी वस्तू मी घेत नसतो." वर हसलेही. त्यांच्या दृष्टीने तो विनोद होता. माझा मात्र जीव त्यावर टांगलेला. गिटार काय, आज ना उद्या मिळाली असती. पण बाबांना मी ऐकू यायला हवी होते, निदान एकदा!

झालं, शोध सुरू. बाबा, मी आणि बाबांची स्कूटर. जुनी बेस कशी बघायची ते मी ऑर्केस्ट्रातल्या मंडळींकडून घोटून घेतलं होतं. मानेच्या टोकाशी एक डोळा लावून ती वाकलीय का बघायचं. बटणं फिरवून खरखर येते का ऐकायचं. आणि मुख्य म्हणजे अॅम्प्लिफायर, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, तो सोबत मिळत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण बेसचा निम्मा आवाज त्या डब्यातच असतो. बाबा हे सगळं ऐकून म्हणाले, "मुलगी बघायला जाताना एवढी चौकशी केली नव्हती आम्ही." आई आतून म्हणाली, "म्हणूनच!"

पहिला नंबर पेठेतल्याच एका जुन्या वाद्यांच्या दुकानाचा. मी म्हटलं, "जरा वाजवून बघू का?" दुकानदारांनी चष्म्यावरून पाहिलं. "कशाला? वाजते ती." म्हटलं, "कशी वाजते ते बघायचंय." ते म्हणाले, "घरी नेऊन बघा. आवडली नाही तर तिकडेच ठेवा." बाबा दुकानाबाहेर येऊन कौतुकाने म्हणाले, "माणूस चोख आहे." आणि आम्ही पुढे निघालो.

मग वाघोली. तेव्हा वाघोली म्हणजे शेतं आणि मधूनच उगवलेली कॉलेजं. एका पाटलांच्या घरी वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगची पोरं भाड्याने राहायची, त्यातल्या एकाला बेस आणि अॅम्प दोन्ही विकायचे होते. बेसला जिथे जागा मिळेल तिथे कवट्यांचे स्टिकर. मान सरळ, हे नशीब. मी केबल लावली, बटण फिरवलं, आणि डब्यातून खणखणीत आवाजात बातम्या सुरू झाल्या! शपथेवर सांगते, आकाशवाणी. मी तार दाबली की बातम्या थोड्या लहान व्हायच्या, सोडली की परत मोठ्या. तो पोरगा शरमेने लालबुंद. पाटील दारात उभे होते, ते अभिमानाने म्हणाले, "झ्याक लागतंय की! सकाळच्याला आमी ह्याच्यावरच ऐकतो. रेडिओ कशाला पायजे, येवढा डबा हाय ना."

मी हसू दाबता दाबता अर्धमेली झाले. बाबा मात्र गंभीरपणे शेवटपर्यंत बातम्या ऐकून उठले. जिन्यात म्हणाले, "हे मात्र स्वच्छ ऐकू आलं." मी स्कूटरवर मागे बसून इतकी हसले की बाबांनी दोनदा विचारलं, उचकी लागलीय का. पण हसून झाल्यावर लक्षात आलंच. बातम्या ऐकू आल्या, मी नाहीच!

आणि मग येरवडा. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीवरून फोन केला होता. जेलच्या अलीकडच्या गल्लीत एका मुसलमान कुटुंबाचं घर, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारं. घरमालक साठीच्या पुढचे, मी त्यांना चाचा म्हणायला लागले. ते तरुणपणापासून लग्नांत नि हॉटेलांत बेस वाजवायचे, आता बोटं आखडली होती. "धूळ खाण्यापेक्षा कुणीतरी वाजवावी," म्हणाले. चाचींनी शिवणयंत्राला घालतात तसा फुलाफुलांचा झगा अॅम्पला शिवला होता. तो निघाला आणि आत भला थोरला स्पीकर! शेजारी आणखी एक लहान डबा. चाचा म्हणाले, "दोन्ही ऐका. घाई नाही. एकातून ऐकून दुसऱ्याला नावं ठेवू नये."

बेस हातात घेतली. तपकिरी रंग, कडा झिजून मऊ झालेल्या, मान तर अशी की बोटं आपोआप जागेवर पडावीत. आधी लहान डब्यातून वाजवलं. बरं होतं. बाबा छताकडे बघत होते. मग चाचांनी केबल काढून थोरल्याला लावली. मी साधी चाल धरली, सा, प, वरचा सा, आणि परत. अगं बाई! फरशीतून पायात आलं. चहाच्या बशीतला चमचा किणकिणायला लागला. चाचींनी हसत कप धरून ठेवला. मला वाटलं आता उडणार मी, छपरासकट!

आणि तेवढ्यात उपदेश आठवला. आवडलंय ते दिसू द्यायचं नाही. मी ओठ मुडपले, कपाळाला आठी घातली आणि म्हटलं, "आवाज जरा जडच आहे, नाही?" हे म्हणताना बाबांकडे चोरून बघितलं. बाबा नखं बघत होते. अंगठ्याचं नख, मग तर्जनीचं. एक भुवई हलली असेल तर शपथ. गणपतीत पुढच्या रांगेत बसले होते तेव्हाचाच तो कोरडा ठणठणीत चेहरा. मग उठून म्हणाले, "बघू. कळवतो."

आमच्या घरात "कळवतो" म्हणजे नाही. चाचा म्हणाले, "जरूर कळवा. पण कॅम्पातल्या हॉटेलातले एक वाजवणारे यायचेत आता, त्यांना पसंत पडली तर मी थांबवणार नाही." बाबांनी मान हलवली आणि आम्ही बाहेर पडलो.

मी स्कूटरवर मागे बसले, आणि डोळ्यांना धाराच लागल्या. एवढा मोठा स्पीकर, चमचा नाचला, त्या माउलीला कप धरून ठेवावा लागला, आणि या माणसाला ऐकू आलं नाही! मग कशातून येणार होतं? म्हणजे डबा कुठलाही आणा, वाद्य कुठलंही आणा, दोष माझ्यातच आहे. मी वाजवते त्यात ऐकण्यासारखं काही नाहीच, हे मला त्या स्कूटरवर अगदी स्पष्ट कळून चुकलं. बंडगार्डनचा पूल आला तेव्हा मी मनातल्या मनात ऑर्केस्ट्रा सोडूनही मोकळी झाले होते.

पुलाच्या मध्यावर बाबांनी एकदम स्कूटर कडेला घेतली, बंद केली आणि मागे वळून माझ्यावर खेकसले, "तुला कळतं का गं काही? एवढा सुरेख आवाज, आणि म्हणे जड! जड काय? आता तुला काय सनई पाहिजे का?"

मी गाल पुसले. "सुरेख? तुम्हाला ऐकू आला?"

"म्हणजे काय! बहिरा आहे का मी? छातीत येत होता. तो वरचा षड्ज लागला ना, तेव्हा अंगावर काटा आला."

"मग नखं काय बघत होतात?"

"भाव करत होतो!"

"बाबा!"

"आणि तू आठ्या कसल्या घातल्यास?"

"भावच करत होते मीपण!"

मागून ट्रक हॉर्न वाजवत होते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. माझ्या गालावर ओघळ, बाबांची टोपी वाऱ्याने तिरकी. आणि मग बाबा हसायला लागले. आयुष्यात त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं, हँडल धरून, खांदे गदगदत. मीही सुटले. एक सायकलवाला काका थांबून म्हणाला, "काय झालं हो, अपघात?" बाबा म्हणाले, "नाही नाही, खरेदी." आणि त्यावर आम्हाला पुन्हा इतकं हसू आलं की तो बिचारा डोक्यावर परिणाम झालाय असं समजून पुढे गेला.

मग एकदम बाबांना आठवलं. "तो हॉटेलवाला!" त्यांनी किक मारली. स्कूटर अर्थातच चालू होईना. पुन्हा किक, पुन्हा किक. मी "चल गं बाई, चल गं" करत तिला थोपटत होते. शेवटी ती खोकली आणि आम्ही पुलावरून वळून, शिव्या खात, येरवड्याला परत सुटलो. नियमाने जगलेला माणूस उलट्या बाजूने दोन रिक्षांच्या मधून काढत होता आणि वर ओरडून मला विचारत होता, "घट्ट बसलीस ना?"

चाचांच्या दारात मोटरसायकल उभी. आत हॉटेलातला तो वाजवणारा बसलेला, मांडीवर माझी बेस, हो, माझीच! आणि चेहरा? ओठ मुडपलेले, कपाळाला आठी. म्हणत होता, "आवाज जरा जड वाटतो, नाही?" तो चेहरा मी ओळखत होते. आमच्याच घरातला होता तो!

बाबा उंबऱ्यातच उभे राहिले. धाप लागलेली. म्हणाले, "जड नाही. उत्तम आहे. आम्हाला फार आवडली. बेसही आणि तो मोठा डबाही."

आमच्या सात पिढ्यांत खरेदीच्या ठिकाणी असं वाक्य कुणी उच्चारलं नसेल. हॉटेलवाला आ वासून बघायला लागला. चाचींनी पदर तोंडाला लावला. चाचा आधी बाबांकडे, मग माझ्याकडे बघत म्हणाले, "साहेब, मघाशी तर काहीच बोलला नाहीत. आणि आता भाव न विचारताच आवडली म्हणता? मी वाढवून सांगितला तर?"

"सांगा," बाबा म्हणाले. त्यांनी हॉटेलवाल्याच्या हातातून हलकेच बेस घेतली, माझ्या हातात दिली, आणि खुर्ची ओढून त्या डब्यासमोर अगदी जवळ बसले. डोळे मिटून घेतले, मैफलीत बसायचे तसे.

"भावाचं मग बघू. आधी तिला वाजवू द्या."