खाचरातला सराव

लोणावळ्यात जुलै महिन्यात फुटबॉलचं मैदान नसतं, तळं असतं. गोलपोस्टच्या खांबांना शेवाळ धरतं आणि मधल्या वर्तुळात बगळे उभे राहतात. आमचे हे तिथल्याच एका कॉलेजात मुलींच्या संघाचे कोच आहेत. सामने पावसाळा ओसरताना सुरू होतात, म्हणजे सरावाचे नेमके आठवडे पाण्यात जातात. दुसऱ्या कोणी मुलींना व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या असत्या. हे मुलींना घेऊन थेट आपल्या आईच्या भातखाचरात गेले.

खाचर मळवलीला, स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. सासूबाई तिथंच राहतात, आम्ही लोणावळ्यात. आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावण्याच्या दिवसांत हे सकाळच्या लोकलनं मळवलीला जातात, चिखलात राबतात, पाय धुतात आणि उलट लोकलनं कॉलेजात हजर होतात. पिशवीत खाली विळा आणि वर बॉलमध्ये हवा भरायचा पंप. कॉलेजात एकदम शुद्ध बोलतात. पण मुली सांगतात, सर चिडले की त्यांची भाषा मळवलीला उतरते. "आगं कुटं बघती? बॉल हितं हाय!" अशी त्यांची नक्कल करून मुली माझ्यासमोर खिदळतात आणि हे आले की चहाचे कप उचलायला लागतात.

खाचरातला सराव म्हणजे पिंढऱ्या बुडतील एवढ्या चिखलात पळायचं, पडायचं, उठायचं, बॉल पास करायचा. "इथं पळालेली पोरगी मैदानावर उडते," असं यांचं म्हणणं. "आणि रोपं लावायच्या आधीची तुमची चिखलणी फुकटात उरकते," असं माझं. ते त्यांना लागायचं. सासूबाई डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन बांधावर बसायच्या आणि कुठली मुलगी चिखल बारीक होईल असा नीट तुडवते, कुठली नुसती नाचते, हे ओरडून सांगायच्या. त्यांची अट एकच होती. खाचरात पायात काही घालायचं नाही. दरवर्षी आवणीच्या पहिल्या दिवशी त्या खाचराला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात आणि मग अनवाणी पाय ठेवतात.

मी औषधाच्या दुकानात काम करते. पावसाळ्यात कुठल्या गोळ्यांची पाकिटं जास्त जातात ते मला पाठ आहे, आणि का जातात तेही. त्यामुळे काळजी करणं हे माझं घरचं खातं. हे मला म्हणायचे, "तू रेफ्री व्हायला हवी होतीस. सारखी शिट्टी." एकदा आरोग्य केंद्राची बाई सासूबाईंच्या अंगणात येऊन सांगून गेली, भाताच्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, पायाला जखम असेल तर त्यातून ताप शिरतो, गमबूट घाला. मी दुसऱ्याच दिवशी गमबुटांचा जोड घेऊन मळवलीला गेले.

"लक्षुमीच्या अंगावर बूट घालून चढतंय व्हय कुनी?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, पाण्यात उंदीर असतात."

"उंदीर काय आत्ता आलं? आमच्या टायमाला बी व्हतं."

मी यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघून विळा पुसायला लागले. गमबूट माळ्यावर गेले आणि एका कोंबडीनं त्यातल्या एकात अंडी घालायला सुरुवात केली. सासूबाई मला दर फोनवर आवर्जून सांगायच्या, "तुज्या बुटात आज बी अंडं हाय गं."

आमची एकुलती एक मुलगी त्याच कॉलेजात आहे आणि बापाच्याच संघात बचावाला खेळते. घरात बाबा, मैदानावर सर. ही शिस्त तिनंच स्वतःला लावून घेतली. कोचची पोरगी म्हणून संघात आली असं कोणी म्हणू नये, म्हणून ती कधी दमले म्हणत नाही आणि कधी बदली मागत नाही. हेही तिला इतरांपेक्षा एक फेरी जास्त पळवतात. मागच्या वर्षी जुलैत तिला नवे बूट चावले. टाचेवर फोड आला, फुटला, आतलं लाल मांस दिसायला लागलं. मी सकाळी पट्टी लावली आणि म्हटलं, "आज चिखलात जायचं नाही."

तिनं बापाकडे पाहिलं. हे डबा भरत होते. मान वर न करता म्हणाले, "पट्टी लावलीय ना? काही होत नाही."

ती गेली. चिखलात पट्टी कितीशी टिकणार.

आवणी उरकली. मी हळूहळू टाचेचं विसरले, म्हणजे जखम भरली म्हणून विसरले. मग एका संध्याकाळी ती अंग गरम घेऊन आली आणि पिंढऱ्या दुखतात म्हणाली. इतक्या दुखत होत्या की तिला जिना चढवेना.

हे हसले. मला ते हसणं अजून आठवतं, कारण त्यात आनंद होता. "पिंढऱ्या दुखणारच. चिखलानं काम केलंय. आता बघ, सामन्यात कशी पळतेस." त्यांनी स्वतः खाली बसून तिच्या पायांना तेल चोळलं. फोनवर सासूबाईंनी तेच सांगितलं. "आवणीत पिंढऱ्या भरत्यातच. माज्या तर जल्मभर भरल्या. गरम पानी घाल." आईला वाटलं आवणी, मुलाला वाटलं सराव. जन्मभर चिखलात राहिलेल्या दोन माणसांना पिंढऱ्यांच्या दुखण्याचं तिसरं कारण माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताप वाढला. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे लाल झाले. चिपडं नाहीत, पाणी नाही, नुसते लाल. "चिखल उडाला असेल," हे म्हणाले, पण या वेळी माझ्याकडे न बघता. मला मात्र दुकानात गोळ्या न्यायला येणारी माणसं आठवली. त्यांचे डोळे असेच असायचे. मी रिक्षा बोलावली.

तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या पिंढऱ्या नुसत्या दाबल्या, तर ती किंचाळली. त्यांनी विचारलं, "भातशेतीत काम करता का?" हे उभे होते ते भिंतीला टेकले. "सराव करतो," एवढंच म्हणाले. डॉक्टरांना काही कळलं नाही. मग यांनी सगळं सांगितलं. खाचर, अनवाणी, टाच, पट्टी. एक शब्द झाकला नाही. रक्त तपासायला दिलं, पण डॉक्टर थांबले नाहीत, लगेच इंजेक्शनं सुरू केली. उंदरांच्या मुताचाच ताप दिसतोय म्हणाले, आणि लघवी कमी होते आहे, किडनीवर सूज आहे. आता वाट बघायची.

कशाची वाट? लघवीची. अख्ख्या घराचा जीव एका पिशवीत अडकला होता. खाटेला अडकवलेल्या त्या पिशवीत थोडंसं गडद पाणी होतं, चहासारखं, आणि ते वाढत नव्हतं. मी त्या पिशवीकडे इतकं बघितलं की डोळे मिटले तरी तीच दिसायची. सासूबाईंचा शेजारच्या फोनवरून सारखा फोन. "मुतली का गं पोरगी?" एरवी मी लाजले असते. तिथं मी वॉर्डात सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगत होते, "नाही आई, अजून नाही."

मला यांचा राग आला होता. इतका की हे पाण्याची बाटली घेऊन आले तरी मी हात पुढे केला नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माणूस डोळ्यांसमोर नको असं मला पहिल्यांदा वाटलं. हे खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसायचे. तेल चोळलेले ते पाय चादरीखाली होते आणि आता त्यांना हात लावायची यांची हिंमत होत नव्हती.

दुपारी तापाच्या गुंगीत तिनं डोळे उघडले. यांच्याकडे बघून म्हणाली, "सर, मला बाहेर घ्या."

आम्हाला आधी कळलं नाही. ती परत म्हणाली, "सर, बदली द्या ना. मला नाही जमत."

जन्मात पहिल्यांदा तिनं बदली मागितली, आणि तिथं तिच्या जागी उतरायला कोणी नव्हतं. हे उठून बाहेर गेले. जिन्याजवळ तोंडात रुमाल कोंबून रडत होते. मी मागून गेले. राग गेला होता असं नाही, पण त्या माणसाला एकटं सोडवेना. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांनी तोंड पुसलं. "बाकीच्या पोरी," म्हणाले. "त्या पण त्याच पाण्यात होत्या."

आणि निघाले. फोन केला असता तरी चाललं असतं, पण नाही. कान्हे, कामशेत, सोमाटणे, जिथं जिथं मुली राहत होत्या तिथं हे घरोघर गेले. गोलकीपरचे वडील कान्ह्याला राहतात, रेल्वेत नोकरीला आहेत. त्यांच्या दारात उभं राहून हे म्हणाले, "माझ्यामुळे झालंय. तुमच्या मुलीला ताप आला, पिंढऱ्या दुखल्या, तर सरावाचं दुखणं समजू नका. मी समजलो." ते गृहस्थ चिडतील अशी यांची तयारी होती. त्यांनी यांना आत बसवलं, जेवायला वाढलं आणि मुलीला लगेच डॉक्टरकडे नेलं. तिला काही नव्हतं. एका मुलीला कणकण होती, ती गोळ्यांवर निभावली. हे मात्र परत आले ते एकदम म्हातारे होऊन.

इकडे त्या दिवशी संध्याकाळी पिशवी थोडी भरली. मला वाटलं मला भास होतोय. मी नर्सला बोलावलं, नर्सनं डॉक्टरांना. दुसऱ्या सकाळी आणखी भरली, आणि रंगही उतरला. मी मळवलीला फोन लावला. फोनवर आधी शेजारीण, मग सासूबाई.

"आई, झाली."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. "लय झाली का?"

"लय झाली, आई."

ती घरी आली, पण पूर्ण बरी व्हायला दिवाळी उजाडली. तो मोसम तिनं बाकावर बसून काढला. यांनी खाचरातला सराव बंद केला आणि आईला तसं सांगून टाकलं. सासूबाई हो म्हणाल्या.

या वर्षी आवणीच्या तोंडावर सासूबाईंचाच फोन आला. "पोरींना कदी आनतोस?"

"न्हाई आनायच्या, आये. बंद क्येलंय म्या."

"बूट घिऊन ये समद्यांना," त्या म्हणाल्या. "कोंबडीला म्या हाकललीय."

यांनी गमबूट आणले. मी डॉक्टरांना विचारून दुकानातून त्या तापासाठी आधीच घ्यायच्या गोळ्या आणल्या, आणि बांधावर एकेका मुलीचे हातपाय तपासायला बसले. कुठं खरचटलंय, कुठं फोड आहे. हे हसले नाहीत, शिट्टीचं बोलले नाहीत. सासूबाईंनी सगळे बूट बांधावर ओळीनं मांडले, ते धुतले, आणि एकेकाला हळदकुंकू लावलं. मग खाचराकडे तोंड करून हात जोडले. "आये, राग मानू नगं. लेकरं हायती."

मुली उतरल्या. आमचीही उतरली. माझा जीव वर आला तो खाली जाईना. शेवटचा जोड उरला होता, माळ्यावरचा, तो यांनी खाली बसून आपल्या आईच्या पायांत चढवला. त्यांच्या टाचांच्या भेगा मी पाहिल्या होत्या, बोट जाईल एवढ्या. सासूबाई उतरल्या, चार पावलं चालल्या आणि थांबल्या.

"काय झालं, आये?" यांनी विचारलं.

"काय बी लागंना पायाला," त्या म्हणाल्या. "चिखल बसला का न्हाई त्येच कळंना."

त्या बाहेर येऊन बांधावर बसल्या. जन्मभर पायानं चिखल ओळखून ज्यांनी रोपं लावली, त्या रबरी बुटात पाय लांब करून पाहुण्यासारख्या बसल्या होत्या. बूट मागणारी मीच होते. आता ते काढा म्हणायला जीभ वळवळत होती, पण म्हणवत नव्हतं.

मुलगी बापाच्या शिट्टीकडे लक्ष न देता आजीजवळ आली. "बाबा, एक मिनिट," म्हणाली. मैदानावर बाबा. मग तिनं वाकून कोपरापर्यंत हात चिखलात घातला, तळचा ओंजळभर गाळ काढला आणि आजीच्या पसरलेल्या हातांवर ठेवला.

मी आधी दोघींच्या हातांकडे पाहिलं. कुठं काही कापलेलं नव्हतं. तरीही मी पुन्हा पाहिलं.

सासूबाई डोळे मिटून तो चिखल बोटांत चोळत राहिल्या. "अजून जाड हाय," त्या म्हणाल्या. "अजून एकदा पळीव पोरींना."

यांनी शिट्टी वाजवली.