ट्रॅक्टरचं सिलिकॉन अन् हायब्रीड गाडी

मंडळी, आज डोणगावच्या आमच्या गॅरेजात मले बाबांचीच चूक बाबांले सांगावी लागली.

मागच्या हप्त्यात त्यांनी एका मॅडमच्या हायब्रीड गाडीच्या सायलेन्सर पाइपचा जोड सिलिकॉन लावून बंद केला होता, ट्रॅक्टरले लावतात तसंच. आज गाडी परत आली, इंजिनचा दिवा पेटलेला. स्कॅनरवर धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं रीडिंग हलतच नव्हतं. सेन्सर खोलला, तर टोकावर पांढरा थर.

"बाबा, सिलिकॉनच्या वाफेनं सेन्सर मेला. ट्रॅक्टरले हा सेन्सरच नसतो," मी हळूच म्हटलं.

जोड साफ केला, सिलिकॉनऐवजी गॅस्केट टाकलं, नवा सेन्सर बसवला. दिवा गेला!

तीस वर्षांपासून मिस्त्री असलेले बाबा सगळ्यांसमोर मॅडमले म्हणाले, "चूक माही होती. माह्या पोरीनं पकडली."

मले वाटलं होतं, आज मी बाबांच्या पुढं गेली. तुम्हीच सांगा, गेली का?