आतडी बाहेर असलेलं इंजिन

लढाईच्या दिवसांत ओलिव्ह ट्रँटरनं इंग्लंडातल्या वेदरलीच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनं पुसायची नोकरी धरली, ती काही देशसेवेसाठी नाही. नवऱ्यावर डोळा ठेवायला. ईनक इंजिन चालवायचा आणि त्याचे गुडघे पार कामातून गेले होते. हे त्यानं बायकोपासून लपवलं होतं, म्हणजे तशी त्याची समजूत होती. घरी आला की तो परसातल्या कोळशाच्या खोलीत जाऊन कण्हत कण्हत एकटाच बूट काढायचा. ओलिव्ह मोठ्यानं भांडी वाजवत, आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवायची.

खरा जाच त्याच्या लाडक्या हिरव्या इंजिनाचा. काय त्याचं रूप! अंगावर एक नळी दिसेल तर शपथ. इंजिनं बनवणाऱ्या आमच्या साहेबलोकांना यंत्र दाखवायची भारी लाज. दांडे, सांधे, सगळं चाकांच्या आत, पोटाखाली दडवलेलं. तिथं तेल घालायचं तर ड्रायव्हरनं रुळांमधल्या खड्ड्यात उतरायचं आणि अंग मुडपून वर शिरायचं. हे काम ड्रायव्हर दुसऱ्या कुणाला करू देत नाही. ज्याला जमेना, त्याच्या हातात फोरमन हॅलम झाडू देई.

मग अमेरिकेहून इंजिनं आली. राखाडी, धिप्पाड, अंगभर नळ्या, दांडे बाहेर, सगळं हाताशी.

"आतडी बाहेर आलीयत त्याची," ईनक म्हणाला. "असल्या ध्यानावर मी नाही चढायचा!"

एका सकाळी ओलिव्ह हिरव्या इंजिनाशी आली, तर खड्ड्यातून धापा ऐकू आल्या. ईनक खाली बसला होता आणि त्याला उठता येत नव्हतं. पलीकडून हॅलम येताना दिसला. ओलिव्हनं रॉकेलची बादली सरळ त्याच्या बुटांवर कलंडवली. तो शिव्या घालत पाय पुसायला गेला, तशी ती खड्ड्यात उतरली आणि नवऱ्याच्या काखेत खांदा घातला.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?" वर आल्यावर ईनकनं विचारलं.

"दोन हिवाळे झाले. आता मुकाट्यानं हॅलमकडे जा आणि ते राखाडी माग."

"लोक हसतील, पोरी. केवढं कुरूप आहे ते!"

"मी काय तुझं नाक बघून लग्न केलं होतं, म्हाताऱ्या?"

ईनकला हसू आलं. मग त्यानं हिरव्या पत्र्यावर हात ठेवला. "ह्याला कोण पुसणार?"

"मीच पुसेन. रोज."

दुसऱ्या दिवशी तो तेलाची बुधली घेऊन राखाडी इंजिनाभोवती उभ्यानं फिरला. एकदाही वाकावं लागलं नाही.

"लाज नाही मेल्याला," तो पुटपुटला. "कुठं काय दुखतंय ते चारचौघांत दाखवतं."

संध्याकाळी तो कोळशाच्या खोलीत गेला नाही. स्वयंपाकघरात चुलीपाशी बसला आणि पाय पुढे केले.

"बूट काढ गं. फार दुखतंय."

ओलिव्ह खाली बसली. तिला रडू आवरेना. हे एवढं वाक्य ऐकायला ती किती दिवस थांबली होती. तिनं उजव्या बुटाची नाडी धरली.

"डावा आधी," ईनक म्हणाला. "डावा जास्त दुखतो."