माझं कागदावरचं अपंगत्व

दरवर्षी जूनच्या अखेरीस मी कापडाच्या दुकानाची एक पिशवी मलकापूरला नेऊन देत असे. तिच्यात फॉर्म सोळा, विम्याच्या पावत्या, बँकेचं व्याजाचं पत्र आणि चुकून आलेली एखादी लग्नपत्रिका असे. पिशवी घेणारा माणूस आमच्या शाळेतल्या एकोणीस जणांची आयकर विवरणपत्रं भरतो. तो सीए नाही, पण आम्ही सगळे त्याला साहेब म्हणतो. दीड-दोन महिन्यांत खात्यात रिफंड येतो. तो कसा येतो हे विचारणं आमच्याकडे असभ्य मानतात. जेवायला बोलावलेल्याने भाजीचा भाव विचारू नये, तसं.

दोन वर्षांपूर्वी शिक्षकदिनी आम्ही साहेबांचा सत्कारही केला. शाल, श्रीफळ, फेटा. कारण म्हणून समाजसेवा असं छापलं होतं. मला अशा समारंभांचं हसू येतं. तरी त्या दिवशी आभार मीच मानले आणि बरे लांबवले.

यंदा मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेने तीन वर्षांची संपूर्ण विवरणपत्रं मागितली. माझ्याकडे नुसत्या एकपानी पोचपावत्या. साहेबांकडून पूर्ण प्रती मागवल्या, धामणगावात छापून घेतल्या आणि एका रविवारी सकाळी कप्प्यांची नवी फाइल घेऊन बसलो. प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी चिकटवली. आपलं आयुष्य आता मार्गी लागणार, असं स्टेशनरी विकत घेतल्यावर मला नेहमीच वाटतं.

वजावटींच्या तक्त्यात विमा होता, भविष्य निर्वाह निधी होता. त्याखाली आणखी एक ओळ होती. करदाता स्वतः दिव्यांग. प्रकार, तीव्र.

मी रोज पाच किलोमीटर चालतो. गेल्या दिवाळीत राजूर घाट पायी चढलो होतो आणि ते महिनाभर लोकांना ऐकवलं होतं. आधीच्या वर्षीचं पान काढलं. तिथेही तीव्र. त्याच्या आधीच्या वर्षीही. सरकारने मला तीन वर्षं त्याचे पैसे दिले होते आणि मी ते कूलरला, मुलीच्या क्लासला आणि एकदा माहूरच्या सहलीला खर्च केले होते.

साहेबांना फोन लावला.

"सर, तुमीच म्हणे ना, रिफंड पायजे? मंग तो काय आभायातून पडते?"

"पण मी अपंग नाही हो."

"कोण म्हणते हाय म्हणून? कागदावर हाय. कागद कोण पाह्यते? तुमच्या शाळेत सारेच हायेत तसे. कोनाले डोया, कोनाले कान. तुमाले पाय देला. चांगला देला."

"ते दुरुस्त करा. पैसे भरतो मी."

पलीकडचा आवाज मऊ झाला. "सर, एकट्यानं सुधारू नका. एकाचं पाहून बाकीच्यायचं निघते. अठरा घरं हायेत."

सोमवारी मी स्टाफरूममध्ये शिरलो तेव्हा बातमी आधीच पोचलेली होती. विज्ञानाचे सर, म्हणजे साहेबांचे साडू, चहा ओतत होते. माझा कपही भरला.

"सर, काऊन उकरून राह्यले हे?" ते म्हणाले. "आपण काय बँक लुटली? आपलाच टॅक्स, आपल्यालेच वापस."

"लबाडी आहे ती."

"तुमची सहा वर्षं राह्यली ना नोकरीची? याच खुर्चीवर बसायचं हाय. आमच्यातच." ते हसत बोलले. बाकीचेही हसले. मीही चहा प्यायलो, कारण कप हातात होता.

आमच्यात एकच मॅडम स्वतःचं विवरणपत्र स्वतः भरतात. गणित शिकवतात. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर आहे. प्रमाणपत्रासाठी त्यांनी बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात चार खेपा मारल्या होत्या, हे मला माहीत होतं, कारण त्या चारही दिवशी त्यांचे तास मी घेतले होते. त्यांना गाठायला मला आठवडा लागला. मधल्या सुट्टीत त्या वर्गातच डबा खात होत्या. मी फाइल पुढे ठेवली आणि जमेल तेवढं सांगितलं.

त्यांनी पानं उलटली. तीव्र या शब्दावर त्यांचं बोट थोडं थांबलं.

"सर, कोणता पाय?"

"म्हणजे?"

"तुमचा. डावा का उजवा?"

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "मला याहून कमीच सूट मिळते," त्या म्हणाल्या. "माझं अपंगत्व तीव्रमध्ये बसत नाही. डॉक्टर म्हणाले, चालता ना तुम्ही."

त्या शनिवारी दुपारी शाळेच्या संगणकावर त्यांनी मला अद्ययावत, म्हणजे मागची चूक सुधारणारं, विवरणपत्र कुठे भरायचं ते दाखवलं. एकेका वर्षाचं. रक्कम, व्याज, वर जादा कर. त्यांनी एकदाही आकडा मोठ्याने वाचला नाही. आधारवरून पासवर्ड बदलला, पण पोर्टलवर माझ्या नावापुढे मोबाईल साहेबांचा होता. एवढी वर्षं माझ्या नावाने आलेला प्रत्येक संदेश त्यांच्याच खिशात वाजला असणार. आताचाही वाजणार.

"पाठवू?" मॅडमनी विचारलं.

मी हो म्हणालो. मला धीर आला होता असं नाही. त्या खोलीतून तसंच उठून जायचं तर त्यांच्यासमोरून जावं लागलं असतं.

सोमवारी कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. विज्ञानाच्या सरांनी स्टाफरूमचं दार लोटलं आणि माझ्यासमोर एक कोरा कागद ठेवला.

"आता तुमी फोडलंच हाय, तं लिहून तरी द्या. सगळ्यायच्या वतीनं. चांगल्या मराठीत. आमाले काही माहीत नव्हतं म्हणून."

"कोणाला?"

"आयकरवाल्यायले. तुमी नाई लिहान तं कोण लिहीन?"

अठरा जण बसलेले. काहींच्या हातात त्यांच्या पिशव्या होत्या, माझ्या पिशवीसारख्याच, कापडाच्या दुकानांच्या. एक जण सत्तावन्न वर्षांचे होते आणि कागदोपत्री त्यांना ऐकू येत नव्हतं. ते माझ्या पेनाकडे पाहत होते.

मी मायना लिहिला. विषय लिहिला. 'आम्हांस याबाबत काहीही माहीत नव्हते' इथपर्यंत आलो आणि पेन थांबलं. शेजारच्या शाळेतल्या लोकांना आमच्या निम्माही रिफंड येत नाही, हे मला तीन वर्षं माहीत होतं. मी त्या वाक्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'आम्ही विचारले नाही.'

"हे काऊन खोडलं?" विज्ञानाचे सर वाकून पाहत म्हणाले.

"ते खोटं होतं."

"अन् हे?"

"हे खरं आहे. वाचा, अन् पटलं तर सह्या करा."

त्यांनी कागद उचलला, वाचला, शेजाऱ्याकडे दिला. तो हातोहात सरकत टेबलाच्या टोकापर्यंत गेला आणि तसाच सरकत परत आला. सही कोणीच केली नाही. घंटा झाली, व्हरांड्यात पोरं धावायला लागली, तरी उठलंही कोणी नाही.