किशोरदादांची गाडी

पुण्याजवळच्या सूसमध्ये किशोरला कुणी नुसतं किशोर म्हणत नाही. जुन्या गावात तो किशोरशेठ, चौकातल्या टपरीवर किशोरभाऊ, आणि त्याच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या रजनीताईंच्या तोंडी किशोरदादा. या तिन्हींत त्याला दादाच जास्त आवडायचं. त्याच्या लेखी दादा म्हणजे एक तर थोरला भाऊ, नाहीतर ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस. चार पैसे आले की शेठ काय, कुणीही म्हणतं. पण एका शिकलेल्या, कंपनीत मोठ्या पगारावर असलेल्या बाईनं आपल्याला दादा म्हणावं, याचं त्याला फार अप्रूप. मोठा भोळा माणूस. चार मजली इमारत बांधली म्हणून भोळेपणा जातो असं थोडंच आहे!

इमारत त्याचीच होती. त्याच्या वडिलांनी, म्हणजे कोंडाजींनी, ओढ्याकडचं रान बिल्डरला दिलं तेव्हा किशोर पंचवीस वर्षांचा होता. ज्या तुकड्यात त्यानं ज्वारी काढली होती तिथं आता वीस मजल्यांचे टॉवर आहेत आणि गेटवरच्या वहीत नाव लिहिल्याशिवाय त्याला आत सोडत नाहीत. त्याचंही त्याला काही वाटायचं नाही. वाटायचं ते वैष्णवीचं.

वैष्णवी त्याची एकुलती एक मुलगी. नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरणारी ही पोर गेल्या दोन वर्षांत त्याच्यापासून लांब लांब सरकत होती. क्लासला सोडायला गेला की म्हणायची, "पप्पा, इथंच थांबवा. गेटपर्यंत नको." घरी कुणी आलं की हळूच म्हणायची, "हाय नका म्हणू. आहे म्हणा." किशोर हसून घ्यायचा. पण आंघोळीच्या वेळी एकटाच 'आहे, आहे' म्हणून बघायचा आणि ते त्याच्या जिभेवर बसायचं नाही. रजनीताईंची जुईली वैष्णवीच्याच वर्गातली. पोरीचा सगळा जीव वरच्या मजल्यावर. त्या घराचे पडदे चांगले, त्यांचं बोलणं चांगलं, त्यांच्याकडची मॅगीसुद्धा चांगली.

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी रजनीताई खाली आल्या. म्हणाल्या, "दादा, आम्ही दोन दिवस मुंबईला जातोय. माझी बहीण असते तिथं. आमची गाडी छोटी आहे आणि ह्यांना मुंबईत चालवायला नको वाटतं. तुमची सेव्हन सीटर आहे. येता का? मस्त फिरू सगळे. तुमची सोय आम्ही करू."

किशोरनं ऐकलं ते एवढंच: येता का, सगळे, सोय. पाव्हण्याची सोय करणं म्हणजे काय हे त्याला चांगलं माहीत होतं. त्याच्या घरी पाव्हणा आला तर गादी पाव्हण्याला आणि घरचे खाली सतरंजीवर. त्यांनी डिझेलचा विषय काढला तेव्हा त्यानं हात जोडले. "ताई, लाजवू नका. घरच्या घरात कसलं डिझेल!"

रजनीताई म्हणाल्या, "थँक्यू दादा, तुम्ही किती चांगले आहात."

वैष्णवीला समुद्र दाखवायचा शब्द त्यानं ती पाचवीत असताना दिला होता. कधी पायाचं दुखणं, कधी इमारतीचं काम, राहून गेलं होतं. आता जायचं, तेही जुईलीच्या घरच्यांबरोबर, बरोबरीनं. पोरगी दोन दिवस बापाशी गोड बोलली. शुभांगीनं, म्हणजे बायकोनं, भाऊबिजेची नवी साडी काढली, दशम्या केल्या, खरडा केला, कैरीचं लोणचं डब्यात भरलं. मोजून सात माणसं आणि सात जागा. किशोरनं गाडी दोनदा धुतली.

सकाळी सहाला रजनीताई खाली उतरल्या आणि पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या मायलेकींकडे बघून क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "अरे वा, वहिनी पण!" ते 'पण' शुभांगीच्या कानाला लागलं. किशोरच्या नाही लागलं. रजनीताईंचे यजमान नरहरीराव पुढं आपल्या शेजारी बसतील, गप्पा मारत जाऊ, असं त्यानं धरलं होतं. ते मधल्या रांगेत बसले आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. पुढं बसला त्यांचा मुलगा निषाद, तो कानात गाण्याची बोंडं घालून खोपोलीपर्यंत झोपला. शुभांगी सगळ्यात मागं, सामानाजवळ. घाटात तिनं डबा काढून पुढं केला.

"नको वहिनी, ऑइली होईल," रजनीताई म्हणाल्या. "आम्ही फूड मॉलला थांबू. दादा, थांबवाल ना?"

दादांनी थांबवली. ते चौघं आत गेले, वैष्णवीही गेली. किशोर आणि शुभांगीनं गाडीच्या सावलीला उभं राहून दशमी खाल्ली.

मुंबईत पोचले तेव्हा ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती. मुळशीचं ऊन कोरडं, अंगाला लागतं आणि सुटतं. हे ओलं, सोडतच नाही. नरहरीरावांनी ठरवलेल्या हॉटेलात शिरताच थंडगार वाटलं. किशोर पिशव्या घेऊन काउंटरपाशी आला. आतल्या माणसानं नरहरीरावांच्या घरच्यांची नावं लिहून घेतली आणि किशोरकडे न बघताच म्हणाला, "ड्रायव्हरची सोय खाली पार्किंगला आहे. चार बेडची डॉर्म. अंघोळीला कॉमन."

किशोरनं मागं वळून बघितलं, कुठला ड्रायव्हर म्हणून.

नरहरीराव पुटपुटले, "दादा, ते... मी आधीच बोलून ठेवलं होतं. वहिनी येतील अशी कल्पना नव्हती. वैष्णवी जुईलीबरोबर झोपेल, तिचा प्रश्न नाही." माणूस वाईट नव्हता. त्याच्या कपाळावर खरोखरच घाम होता. तेवढ्यात सोफ्यावर टेकलेल्या रजनीताईंनी पाण्याचा ट्रे नेणाऱ्या पोऱ्याला हाक मारली. "दादा, इकडे पण द्या ना." मग सामान उचलणाऱ्याला म्हणाल्या, "दादा, ती निळी बॅग जपून हं."

त्याच सुरात. अगदी त्याच गोड सुरात.

तीन वर्षं जे नाव किशोर मिरवत होता, ते या बाईनं वाटेत भेटेल त्याला वाटून टाकलं होतं. आणि त्या बाईचा अपमान करायचा हेतू नव्हता, हे आणखी वाईट. हेतू असता तर भांडता तरी आलं असतं.

"न्हाई, आमी आमचं बघतो," तो एवढंच म्हणाला. त्यानं वैष्णवीकडे बघितलं. ती लिफ्टपाशी जुईलीच्या मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती, वर बघत नव्हती.

मागच्या गल्लीत एका लॉजवर त्यांना खोली मिळाली. खिडकीसमोर भिंत, वर खडखडणारा पंखा. शुभांगीनं साडीची घडी घालून ठेवली. "आत्ता माघारी फिरू," ती म्हणाली. "त्यांचं ते येतील. आपली गाडी हाय."

"पोरीला समुद्र दावायचाय," किशोर म्हणाला. "ती काय म्हनंल?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे समुद्रावर बोटी बघायला गेले. रजनीताईंची बहीण हेमलता आणि तिचा मुलगा अमोघ तिथं भेटणार होते. सगळ्यांना उतरवलं तोच पोलीस आला आणि गाडी काढ म्हणाला. किशोर काढत राहिला, दोन तास त्याच चार रस्त्यांवरून फिरत राहिला. शुभांगीला उमासे येत होते, म्हणून ती उतरलीच नाही, पुढच्या सीटवर ओला रुमाल डोक्याला लावून बसली. वळणावर एकदा, दोन इमारतींच्या मधून, चिंचोळी राखाडी पट्टी दिसली आणि एक बोट. "त्यो बघ समुद्र," किशोर म्हणाला. शुभांगीनं मान वळवेपर्यंत इमारत आली.

फोन आला तसा तो घ्यायला गेला. फुटपाथच्या कडेला पोरं उभी होती, हातात बर्फाचे गोळे. पोरीसाठी म्हणून त्यानं काच खाली केली. त्यांची पाठ गाडीकडे होती. अमोघ वैष्णवीला विचारत होता, "तू जुईलीच्याच बिल्डिंगमध्ये?"

"हो. फ्रेंड आहे मी तिची."

"मग तुझे पेरेंट्स नाही आले?"

वैष्णवीनं गोळा चोखला. "नाही. बिझी असतात."

तेवढ्यात जुईलीला गाडी दिसली. अमोघनंही वळून बघितलं. पुढं बसलेल्या बाईच्या डोक्यावरचा ओला रुमाल बघितला, गळ्यापर्यंत घाम आलेला माणूस बघितला. "हे कोण?"

जुईली गप्प राहिली. तिला माहीत होतं, तरी गप्प राहिली. एवढं तरी त्या पोरीचं म्हणावं लागेल.

वैष्णवी म्हणाली, "ते दादा आहेत. गाडीवरचे."

शुभांगीनं रुमाल पिळला. पाणी तिच्या मांडीवर सांडलं, साडी भिजली, तिनं पुसली नाही. किशोरनं खाली उतरून मधलं दार उघडलं आणि पोरं बसेपर्यंत धरून उभा राहिला. ते त्यानं कालपर्यंत कुणासाठी केलं नव्हतं. वैष्णवी त्याच्या हाताखालून आत शिरली. तिचे कान लाल झाले होते, असं त्याला वाटलं. कदाचित उन्हानं झाले असतील.

सूसला घरी आल्यावर शुभांगी बोलली, पोटभर बोलली. "पुढच्या म्हयन्यात खोली खाली करा म्हना त्यास्नी. आपल्याच घरात ऱ्हाऊन आपल्यालाच..." वैष्णवीला तिनं चुलीपाशी बसवून विचारलं, "कोन गं तुझा बाप?" पोरगी मान खाली घालून बसली. रडली नाही, सॉरीही म्हणाली नाही. किशोरनं मध्ये पडून सोडवलं. पोर हाय, म्हणाला. त्याला तिच्यावर राग धरता येत नव्हता आणि स्वतःवरचा उतरत नव्हता. तिला 'आहे' म्हणणाऱ्या शाळेत त्यानंच घातलं होतं. फी भरताना छाती पुढं काढून उभा राहिला होता.

पंधरा दिवसांनी रजनीताई पुन्हा खाली आल्या. हातात मुंबईहून आणलेला हलव्याचा डबा. "दादा, पावसाआधी महाबळेश्वर करून यायचं म्हणतोय. तुम्ही आलात तर फार बरं होईल. आणि यावेळी डिझेल घ्यावंच लागेल, आम्हालाच कसंतरी होतं."

किशोरनं नाही म्हणायला तोंड उघडलं. पंधरा दिवस तो शब्द त्यानं तयार ठेवला होता. पण आतल्या दाराशी वैष्णवी येऊन उभी राहिली होती आणि त्याच्याकडे बघत होती. मुंबईपासून पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे बघत होती, पाचवीत असताना बघायची तशी.

"येतो," तो म्हणाला. "कितीला निघायचं ते सांगा."

रजनीताई गेल्या. वैष्णवी धावत आली, त्याच्या दंडाला बिलगली. "थँक्यू पप्पा." वर्षभरात पोरीचा हात अंगाला लागला नव्हता. किशोरचे डोळे भरून आले. मग ती हळूच, स्वयंपाकघराकडे बघत म्हणाली, "फक्त यावेळी मम्मी नको. तिला गाडी लागते ना."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"बरं," किशोर म्हणाला. "आन् मी कोन म्हनून यायचं, तेवढं आत्ताच सांगून ठेव. मंजी चुकायचं न्हाई."

वैष्णवीनं त्याच्याकडे नवल करून बघितलं. त्याला काय विचारायचंय तेच तिला कळलं नाही.

"असं काय पप्पा," ती म्हणाली, "गाडी तर तुम्हीच चालवणार ना?"